भाषण युरोपसाठी, मत अमेरिकेत

५ जून १९४७ रोजी दुपारी हार्वर्ड विद्यापीठाच्या आवारात, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यापुढे, अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल यांनी केलेले भाषण जेमतेम दहा-बारा मिनिटांचे होते. सकाळी त्यांना मानद पदवी मिळाली होती. त्याच समारंभात कवी टी. एस. एलियट आणि अणुबॉम्ब घडवणाऱ्या प्रयोगशाळेचे प्रमुख रॉबर्ट ओपेनहायमर यांचाही सन्मान झाला होता. मार्शल हे काही फर्डे वक्ते नव्हते. त्यांनी कागदावरचा मजकूर वाचून दाखवला आणि ते खाली बसले. त्या मजकुराचे सार एवढेच होते, की युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या युरोपला उभे करण्यासाठी अमेरिका मदत करील, परंतु ही मदत कशी हवी याचा आराखडा युरोपीय देशांनीच एकत्र बसून तयार केला पाहिजे. पुढे ‘मार्शल योजना’ म्हणून जगाच्या इतिहासात नोंदल्या गेलेल्या, सुमारे १३ अब्ज डॉलर खर्चाच्या उपक्रमाची पहिली जाहीर वाच्यता अशी एका विद्यापीठाच्या पदवीदान दिवशी झाली.

हा योगायोग होता असे मानायचे, तर त्याच्या आधीच्या वर्षातले दोन योगायोगही मानावे लागतील. मार्च १९४६ मध्ये विन्स्टन चर्चिल यांनी सोव्हिएत वर्चस्वाखालचा पूर्व युरोप पश्चिमेपासून तोडणाऱ्या ‘पोलादी पडद्या’चा उल्लेख केला, तो अमेरिकेच्या मिसुरी राज्यातल्या फुल्टन या लहानशा गावातील वेस्टमिन्स्टर महाविद्यालयात, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी युरोपच्या संयुक्त संस्थानांची कल्पना मांडली, ती झुरिक विद्यापीठात. विद्यापीठाच्या व्यासपीठाचा एक मोठा सोयीचा गुण असा, की तेथे बोललेले शब्द सरकारचे असूनही सरकारवर पूर्णपणे बंधनकारक नसतात. संसदेत केलेली घोषणा मागे घ्यावी लागली तर ती माघार ठरते. विद्यापीठात मांडलेला विचार कोणी उचलून धरला नाही, तर तो विचारच राहतो. आपल्याकडे ज्याला ‘खडा टाकून पाहणे’ म्हणतात, त्यासाठी याहून चांगली जागा सापडणे कठीण.

मार्शल यांचा खडा मात्र नेमका लागला. परराष्ट्र खात्यातील डीन अचिसन यांनी ब्रिटिश वार्ताहरांना या भाषणाचे महत्त्व आधीच कानावर घालून ठेवले होते. बीबीसीच्या वृत्तान्तातून ते ब्रिटिश परराष्ट्रमंत्री अर्नेस्ट बेविन यांच्यापर्यंत पोहोचले आणि त्यांनी लगोलग फ्रान्सशी संपर्क साधला. जुलैमध्ये पॅरिसला सोळा देशांचे प्रतिनिधी जमले. एवढे झाले तरी अमेरिकेच्या तिजोरीतून एक डॉलरही अजून निघालेला नव्हता, कारण ती तिजोरी उघडण्याचा अधिकार अध्यक्षाकडे नसून काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे असतो. आणि त्या वेळी दोन्ही सभागृहांत विरोधी रिपब्लिकन पक्षाचे बहुमत होते. आपले नाव लावून पाठवलेले विधेयक तेथे टिकणार नाही, हे अध्यक्ष हॅरी ट्रूमन पुरते ओळखून होते. म्हणूनच योजनेला मार्शल यांचे नाव राहिले. पुढचे कित्येक महिने मार्शल स्वतः देशभर फिरून शेतकऱ्यांच्या संघटना, व्यापारी मंडळे आणि महिला मंडळे यांच्यापुढे युरोपची बाजू मांडत राहिले. विधेयकाचा कायदा झाला तो ३ एप्रिल १९४८ रोजी. भाषण युरोपसाठी होते. मते मात्र अमेरिकेतल्या मतदारसंघांतून यावी लागली. अमेरिका आणि युरोप यांच्या संबंधांविषयी आजही विद्यापीठांतून जी चर्चा चालते, ती समजून घ्यायची असेल तर ही एक गोष्ट हाताशी धरणे पुरेसे आहे.

ही चर्चा आज युरोपात अनेक ठिकाणी नियमितपणे चालते. बर्लिनमधील जॉन एफ. केनेडी संस्था, ऑक्सफर्डमधील रोदरमियर अमेरिकन संस्था, हायडेलबर्गचे अमेरिकाविषयक अभ्यासकेंद्र, नेदरलँड्समधील मिडलबर्ग येथील रूझवेल्ट संस्था आणि इटलीत बोलोन्या येथे १९५५ पासून चालणारे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे केंद्र ही त्यांतील ठळक नावे. मिडलबर्गला अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचे नाव कसे, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. रूझवेल्ट घराण्याचे मूळ ज्या झीलंड प्रांतात असल्याचे मानले जाते, त्याची ती राजधानी आहे. या ठिकाणी व्याख्याने, चर्चासत्रे, दोन-तीन दिवसांच्या परिषदा आणि निवडणुकीच्या रात्री जागून निकाल पाहण्याचे कार्यक्रम होतात. वसंत व्याख्यानमालेची सवय असलेल्या मराठी वाचकाला यातले जाहीर व्याख्यान ओळखीचे वाटेल. चर्चासत्र थोडे वेगळे असते: तेथे निबंध आधीच वाटलेला असतो, लेखकाला बोलायला थोडाच वेळ मिळतो आणि उरलेला वेळ इतर अभ्यासक त्याच्या मांडणीतल्या फटी दाखवतात. बाहेरून पाहणाऱ्याला हे भांडण वाटते, परंतु ज्ञानाची खरी झाडाझडती तेथेच होते.

या परंपरेचा सर्वांत विलक्षण आरंभ ऑस्ट्रियातील साल्झबर्ग येथे झाला. मार्शल यांचे भाषण झाले त्याच उन्हाळ्यात, हार्वर्डमध्ये शिकणारा क्लेमेन्स हेलर हा मूळचा ऑस्ट्रियन तरुण, त्याचा सहाध्यायी रिचर्ड कॅम्बेल आणि स्कॉट एलेज हे अध्यापक अशा तिघांनी युरोपातल्या तरुणांसाठी अमेरिकेची ओळख करून देणारे उन्हाळी अभ्यासवर्ग भरवले. विद्यापीठाच्या प्रशासनाने हात वर केले होते. पाठबळ मिळाले ते विद्यार्थी मंडळाचे. जागा मिळाली लिओपोल्ड्सक्रोन या अठराव्या शतकातील प्रासादाची. नाटककर्मी माक्स राइनहार्ट यांनी १९१८ मध्ये तो विकत घेतला होता, नाझींनी १९३८ मध्ये तो जप्त केला आणि युद्ध संपल्यावर राइनहार्ट यांच्या पत्नी हेलेने थीमिग यांनी तो या तरुणांच्या हवाली केला. पूर्व आणि पश्चिम युरोपातील सुमारे अठरा देशांतून शंभराच्या आसपास तरुण तेथे आले. दोनच वर्षांपूर्वी एकमेकांवर बंदुका रोखलेले लोक एकाच दालनात झोपत होते, एकाच पंगतीला बसत होते आणि अमेरिकेचे साहित्य, अर्थव्यवस्था व समाज यांवरची व्याख्याने ऐकत होते. व्याख्यात्यांत साहित्यसमीक्षक एफ. ओ. मॅथिसन, मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड आणि पुढे नोबेल मिळालेले अर्थशास्त्रज्ञ वासिली लिओन्तिएफ होते. यांतले कोणीही अमेरिकेची जाहिरात करायला आले नव्हते. मॅथिसन तर आपल्या समाजवादी मतांबद्दल प्रसिद्धच होते. स्वतःच्या देशावर परक्यांसमोर टीका करणारे प्राध्यापक पाहून श्रोत्यांवर जो परिणाम झाला असेल, तो सरकारी माहितीपत्रकांच्या ढिगाने साधला नसता. १९५४ मध्ये युरोपातील अमेरिका-अभ्यासकांची संघटनाही याच साल्झबर्गमध्ये स्थापन झाली.

बर्लिनची कथा अधिक गंभीर आहे. युद्धानंतर विजेत्या राष्ट्रांनी वाटून घेतलेल्या या शहराच्या सोव्हिएत विभागातल्या जुन्या विद्यापीठातील दडपणाला कंटाळून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी डिसेंबर १९४८ मध्ये, सोव्हिएत संघाने केलेली पश्चिम बर्लिनची नाकेबंदी चालू असताना, अमेरिकी विभागात ‘मुक्त विद्यापीठ’ स्थापन केले. तेथे एर्न्स्ट फ्रेंकेल हे गृहस्थ शिकवायला आले. पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी लढलेले, नंतर कामगारांचे खटले चालवणारे हे ज्यू वकील हिटलरच्या राजवटीतही १९३८ पर्यंत बर्लिनच्या न्यायालयांत उभे राहत होते; अखेर देश सोडावा लागला तेव्हा त्यांनी चाळिशीत शिकागो येथे पुन्हा कायद्याची पदवी घेतली. कागदावर कायदा शाबूत ठेवून राज्यसत्ता तो कसा पोखरते, हे त्यांनी एका देशात पाहिले होते आणि सत्तेची वाटणी करून तिला आवर कसा घालता येतो, हे दुसऱ्या देशात. १९६३ मध्ये त्यांच्या पुढाकाराने विद्यापीठात अमेरिकाविषयक संस्था सुरू झाली. त्याच वर्षी २६ जूनला अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी ‘मी बर्लिनचा नागरिक आहे’ हे गाजलेले उद्गार काढले आणि त्याच दिवशी मुक्त विद्यापीठातही भाषण केले. नोव्हेंबरमध्ये त्यांची हत्या झाल्यानंतर संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.

या साऱ्याचा पैसा कोठून येतो, हे विचारणे अशिष्ट नाही. किंबहुना ते पहिल्यांदा विचारावे. सिनेटर विल्यम फुलब्राइट हे स्वतः ऑक्सफर्डला शिकले होते आणि त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती १९४६ मध्ये सुरू झाली, ती युद्धानंतर परदेशांत पडून राहिलेले अमेरिकी लष्करी सामान विकून येणाऱ्या पैशातून. फोर्ड प्रतिष्ठानाने बर्लिनच्या विद्यापीठाला इमारतीसाठी पैसे दिले. १९७२ मध्ये, मार्शल यांच्या भाषणाला बरोबर पंचवीस वर्षे झाली त्या दिवशी, पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर विली ब्रांट हार्वर्डलाच गेले आणि कृतज्ञता म्हणून १५ कोटी मार्कांचा ‘जर्मन मार्शल फंड’ जाहीर करून आले. हे उघड व्यवहार झाले. परंतु १९५० मध्ये पश्चिम बर्लिनच्या परिषदेतून जन्मलेल्या ‘काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम’ या लेखक-विचारवंतांच्या संघटनेला सीआयए ही गुप्तचर संस्था पैसा पुरवत होती, हे १९६६-६७ मध्ये उघडकीस आले, तेव्हा त्यात प्रामाणिकपणे भाग घेतलेल्या अनेकांना आपली फसवणूक झाल्यासारखे वाटले. या संघटनेचा भारतातील पहिला मेळावा मार्च १९५१ मध्ये मुंबईत भरला होता, म्हणजे हा धागा आपल्या दारापर्यंतही आलेला आहे. प्रायोजकाचे नाव पाहून चर्चासत्राचा निष्कर्ष ठरवणे उथळपणाचे होईल, पण ते नाव न पाहणे त्याहून वाईट.

आता या सभागृहांत नेमके काय समजावून सांगितले जाते, त्याकडे वळू. युरोपीय श्रोत्याला सर्वांत जास्त गोंधळात टाकणारी गोष्ट ही, की अमेरिकेच्या अध्यक्षाने दिलेला शब्द म्हणजे अमेरिकेने दिलेला शब्द नव्हे. संसदीय पद्धतीत पंतप्रधानाकडे बहुतेक वेळा बहुमत असते, म्हणून तो बोलतो ते सहसा होते. अमेरिकेत कोणताही तह मान्य होण्यासाठी सिनेटमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या वरच्या सभागृहात, दोन-तृतीयांश मते लागतात. पहिल्या महायुद्धानंतर अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी स्वतः पॅरिसला जाऊन घडवलेला व्हर्सायचा तह त्यांच्याच देशाच्या सिनेटने फेटाळला आणि त्यांनीच कल्पिलेल्या राष्ट्रसंघात अमेरिका कधीही सामील झाली नाही. हा चटका राजनयाच्या वर्तुळात दीर्घकाळ लक्षात राहिला. म्हणून १९४९ मध्ये नाटो या अमेरिका व युरोपीय देशांच्या लष्करी आघाडीचा करार लिहिताना सिनेटचा अंदाज आधीच घेतला गेला आणि तो ८२ विरुद्ध १३ मतांनी मंजूर झाला.

त्या करारातले कलम ५ सर्वांनी ऐकलेले असते, वाचलेले फार थोड्यांनी. एका सदस्यावरचा हल्ला हा सर्वांवरचा हल्ला मानला जाईल, हे त्यातले पहिले वाक्य. पण त्यापुढे असे म्हटले आहे, की प्रत्येक सदस्य त्याला आवश्यक वाटेल ती कारवाई करील, ज्यात सशस्त्र बळाचा वापरही येऊ शकतो. सैन्य पाठवलेच पाहिजे, असे त्यात कोठेही नाही. ही मोकळीक अमेरिकेच्या राज्यघटनेमुळे ठेवावी लागली, कारण युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसचा आहे आणि तो एखाद्या कराराने आधीच परस्पर बहाल करणे सिनेटला मान्य झाले नसते. म्हणजे नाटोची खरी ताकद शब्दांत नसून विश्वासात आहे, आणि विश्वास ही अशी चीज आहे की ती निवडणुकीगणिक पुन्हा मोजली जाते. आजवर हे कलम एकदाच लागू झाले, तेही अमेरिकेवर ११ सप्टेंबर २००१ रोजी झालेल्या हल्ल्यानंतर, हे युरोपीय वक्ते आवर्जून सांगतात. डिसेंबर २०२३ मध्ये काँग्रेसने कायदा करून ठेवला आहे, की सिनेटच्या दोन-तृतीयांश संमतीवाचून किंवा स्वतंत्र कायद्यावाचून अध्यक्षाला नाटोतून बाहेर पडता येणार नाही. पण करारात राहूनही उदासीन राहणाऱ्या अध्यक्षाला कायदा काय करणार, हा प्रश्न त्यानंतर विचारला जाऊ लागला आणि त्याला कोणत्याही परिषदेत समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

सभागृहातल्या बारीकसारीक नियमांचा युरोपवर किती परिणाम होतो, याचे अलीकडचे उदाहरण युक्रेनचे आहे. २०२३ च्या हिवाळ्यात युक्रेनला नवी मदत द्यावी असे अध्यक्ष बायडन यांना वाटत होते, सिनेटमध्ये तिला बहुमत होते आणि काँग्रेसच्या दुसऱ्या सभागृहात, म्हणजे प्रतिनिधिगृहातही मतदान झाले असते तर ते मिळाले असते. परंतु कोणते विधेयक मतदानाला घ्यायचे हे प्रतिनिधिगृहात मुख्यतः सभापती ठरवतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये केविन मॅकार्थी यांना स्वपक्षाच्या मूठभर सदस्यांनी त्या पदावरून खाली खेचले होते आणि नवे सभापती माइक जॉन्सन यांच्या डोक्यावर तीच तलवार टांगलेली होती. महिन्यांमागून महिने विधेयक पडून राहिले आणि तिकडे युक्रेनच्या तोफखान्याला गोळे पुरेनासे झाले. अखेर २० एप्रिल २०२४ रोजी मतदान झाले तेव्हा ३११ विरुद्ध ११२ अशा भरघोस मतांनी सुमारे ६१ अब्ज डॉलरची मदत मंजूर झाली. बहुमत आधीपासूनच होते. अडला होता तो फक्त कार्यक्रमपत्रिकेवरचा क्रमांक.

व्यापाराच्या चर्चेत मात्र मला सर्वांत बोलके उदाहरण कोंबडीचे वाटते. १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील स्वस्त कोंबड्या, विशेषतः पश्चिम जर्मनीच्या बाजारात, धो-धो येऊ लागल्या. युरोपीय आर्थिक समुदायाने, म्हणजे आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वावताराने, आपल्या शेतकऱ्यांसाठी त्यांच्यावर आयात शुल्क वाढवले. त्याला प्रत्युत्तर म्हणून अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके मालवाहू ट्रक यांच्यावर २५ टक्के शुल्क लावले. ट्रकांचा कोंबड्यांशी संबंध इतकाच, की फोक्सवागन कंपनीच्या जर्मन गाड्या अमेरिकेत खपत होत्या आणि अमेरिकी वाहन कामगारांची संघटना १९६४ च्या निवडणुकीत महत्त्वाची होती. कोंबड्यांचे भांडण केव्हाच विझले, इतर वस्तूंवरचे शुल्क उठले, पण ट्रकांवरचे राहिले. त्याच्या आडोशाला अमेरिकी कंपन्यांचा पिकअप ट्रकचा धंदा इतका फोफावला, की ते उठवण्याची हिंमत पुढच्या कोणत्याही अध्यक्षाने केली नाही. तात्पुरते म्हणून लावलेले शुल्क एकदा कोणाच्या तरी पोटापाण्याशी जोडले गेले की त्याला मालक मिळतो. २०२२ च्या कायद्यात अमेरिकेने विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या खरेदीवर ७,५०० डॉलरची करसवलत दिली आणि गाडी उत्तर अमेरिकेत जोडलेली असावी अशी अट घातली, तेव्हा ब्रसेल्समध्ये, युरोपीय संघाच्या मुख्यालयात, झालेला संताप याच जुन्या आठवणीने अधिक तीव्र झाला असावा.

निवडणुकीच्या रात्रीचे कार्यक्रम लोकप्रिय असतात, पण त्यांत समजावण्यासारखे फार नाही: राज्यांना वाटून दिलेल्या ५३८ निर्वाचक मतांपैकी २७० मिळवणारा जिंकतो, बहुतेक राज्यांत सर्वाधिक मते मिळवणाऱ्याला त्या राज्याची सर्व निर्वाचक मते मिळतात, आणि म्हणून हायडेलबर्गमधले विद्यार्थी पहाटे तीन वाजता पेनसिल्व्हेनियातल्या एखाद्या जिल्ह्याची मोजणी डोळ्यांत तेल घालून पाहतात.

अशा सभांत मोकळेपणाने बोलता यावे म्हणून लंडनच्या चॅटम हाउस या परराष्ट्र-व्यवहारांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने १९२७ मध्ये एक नियम घालून दिला, जो आता जगभर वापरला जातो. सभेत ऐकलेली माहिती बाहेर वापरता येते, पण ती कोणी सांगितली, ती व्यक्ती कोणत्या संस्थेची, हे सांगता येत नाही. ही संस्था आणि न्यूयॉर्कची कौन्सिल ऑन फॉरेन रिलेशन्स या दोघींचा उगम १९१९ च्या पॅरिस शांतता परिषदेत एकत्र आलेल्या ब्रिटिश व अमेरिकी तज्ज्ञांच्या एकाच बैठकीत आहे, म्हणजे त्या सख्ख्या बहिणीच. नियमाने प्रामाणिकपणा वाढतो हे खरे. मात्र त्यातून एक दोषही येतो. बंद दाराआड एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखणारे लोक बोलत राहतात आणि युरोपात येण्याची ज्यांना हौस आहे अशाच अमेरिकनांना युरोप ऐकत राहतो. आयोवाचा शेतकरी किंवा ओहायोचा बंद कारखान्यातला कामगार अशा परिषदेला येत नाही. त्याचे मत मात्र येते, चार वर्षांनी एकदा, आणि मग सभागृहात सर्वजण चकित होतात.

१४ फेब्रुवारी २०२५ रोजी म्युनिकच्या सुरक्षा परिषदेत हाच प्रसंग घडला. १९६३ पासून भरणारी ही परिषद विद्यापीठाची नसली तरी तिचा श्रोतृवर्ग तोच असतो. रशिया आणि युक्रेनविषयी ऐकायला जमलेल्या मंत्र्यांना अमेरिकेचे उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी सांगितले, की युरोपला खरा धोका बाहेरून नसून आतून आहे, आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य व स्थलांतर या विषयांवर त्यांना चार शब्द सुनावले. सभागृह थिजून गेले. मार्शल यांनी अमेरिकेत उभे राहून युरोपला उद्देशून भाषण केले होते; व्हान्स युरोपात उभे होते, पण त्यांचे श्रोते बहुधा अमेरिकेत, दूरचित्रवाणीपुढे बसलेले होते.

त्याच वर्षी या जुन्या व्यवस्थेचे इतर खांबही हलू लागले. मे महिन्यात अमेरिकी सरकारने परदेशी विद्यार्थ्यांना प्रवेश देण्याचा हार्वर्डचा परवाना रद्द केला आणि न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी त्या आदेशाला स्थगिती दिली. जूनमध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीच्या मंडळावरील बहुतेक सदस्यांनी, निवडीत राजकीय हस्तक्षेप होत असल्याचे कारण देऊन, राजीनामे दिले. आणि ५ मे २०२५ रोजी पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठात फ्रान्सचे अध्यक्ष इमॅन्युएल मॅक्राँ यांच्या उपस्थितीत युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांनी, जगभरच्या संशोधकांना युरोपात येता यावे यासाठी तीन वर्षांत ५० कोटी युरो देण्याची घोषणा केली. त्यांनी आपल्या भाषणात अमेरिकेचे नाव घेण्याचे टाळले, परंतु निमंत्रण कोणाला आहे हे सोर्बोनच्या त्या सभागृहात सर्वांना समजले होते.